नववीचा प्रकल्प : दगड, पाऊस, हवा आणि द्राक्षाची बाग

१८ जून

यंदाचा विषय ठरला: शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण यांचा एकमेकांशी संबंध. या विषयावर दरवर्षी एक रंगीत तक्ता होतो. चार वर्तुळं, मधोमध पृथ्वी आणि चारी बाजूंनी बाण. या वर्षी तक्ता शेवटी करू, आधी टिकाव-फावडं हातात घेऊ, असं मी मुलांना सांगितलं.

कारण आज वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, हवा लागते, पाणी लागतं, झाडं लागतात, हे कळतं. पण जगायला दगड कशाला लागतो? त्याच्यावर नुसतं उभंच राहायचं ना?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. पुस्तकात शिलावरणाचा धडा पहिला येतो आणि तिथेच संपतो. पुढच्या धड्यांत जीव, अन्न, ऋतू सगळं येतं. खडक मात्र खाली पडून राहिलेला. आपण तर नाशिकचे. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर आहेत. ब्रह्मगिरी त्याचाच, अंजनेरी त्याचीच, पांडवलेणी कोरली तीही त्याच बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात. दख्खनचा हा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. या दगडाने जिवांसाठी काय केलं, हाच प्रकल्पाचा प्रश्न ठरवला.

२१ जून

वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी त्यांच्या द्राक्षबागेच्या बांधाला खड्डा घ्यायला परवानगी दिली. बांधाची जागा मुद्दाम निवडली, कारण तिथे ठिबकचं पाणी पोचत नाही. पाऊस अजून म्हणावा तसा झालेला नाही, त्यामुळे जमीन भेगाळलेली आहे. एका भेगेत पोरांचा हात कोपरापर्यंत गेला.

खड्डा छातीइतका खोल झाला तेव्हा एक कड थापीने नीट तासून घेतली. मग थर स्पष्ट दिसले. वर काळी माती, ढेकळं फोडली की आत केसासारखी मुळं. त्याखाली काळीतच पांढरे खडे, काही हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे. आणखी खाली पिवळसर मुरूम आणि तळाशी पहार लागली की ठणकन वाजणारा दगड.

आजोबांनी एक पांढरा खडा उचलून मुलांना दाखवला. "ही चुनखडी. लई वैरीण हाये वेलाची. जिथं ही जास्त, तिथं शेंडा पिवळा पडला म्हणून समजायचं."

मुरमाचा एक दगड हाताने चुरगळता आला. मुलांना फार नवल वाटलं. तो दगडच होता, पण निम्मा माती झालेला. वरची काळी आणि खालचा पाषाण या दोघांच्या मधली अवस्था हातात धरता येते, हे तक्त्यात कधी कळलं नसतं. अशी एक सेंटीमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात.

शेजारच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं. तिथल्या काकांनी त्यांच्या पद्धतीने थर सांगितले: मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, पुन्हा मांजऱ्या. पाणी मांजऱ्यात, पाषाणात नाही. याचं कारण लाव्हात आहे. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर येतात आणि प्रवाहाच्या माथ्याला बुडबुडे अडकून राहतात. म्हणून वरचा भाग (मांजऱ्या) सच्छिद्र आणि लवकर झिजणारा, मधला भाग (पाषाण) घट्ट. आज नाशिकच्या विहिरींना पाणी कुठे लागायचं, हे त्या लाव्हातल्या वायूने ठरवून ठेवलं आहे. काही पोकळ्यांत पुढे गरम पाणी खेळलं आणि झिओलाइट या खनिजाचे स्फटिक तयार झाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मुलांना ते दाखवायला हवेत.

६ जुलै

पाऊस धरला. गच्चीवर काचेच्या भांड्यात थेट आभाळातून पडलेलं पाणी जमवलं. पीएच पट्टीचा (सातच्या खाली म्हणजे आम्लधर्मी) रंग सहाच्या किंचित खाली गेला. स्वच्छ पावसाचं पाणीही थोडं आम्लधर्मी असतं, साधारण ५.६, कारण थेंब खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. सोड्याच्या बाटलीतलं तेच आम्ल, फक्त फार सौम्य. पाणी आणि हवा जमिनीवर पोचायच्या आधीच एकत्र आलेली असतात. दगडाला भिडतं ते हेच पाणी.

१३ जुलै

पर्जन्यमापकांचा दिवस. सरळ उभ्या भिंतीच्या बरण्या मुलांच्या नातेवाइकांकडे ठेवल्या आहेत: इगतपुरीला एकीच्या मामाकडे, त्र्यंबकला एकाच्या आत्याकडे, एक शाळेत आणि एक सिन्नरला. फोनवरून आकडे घेतले. इगतपुरीच्या मामांनी आधीच सांगितलं, "बरणी रोज ओतून ठेवतोय, नाहीतर वाहून जाईल." सिन्नरच्या बरणीचा तळ जेमतेम ओला.

वार्षिक सरासरी पाहिली तरी तेच दिसतं. इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या पुढे, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, सिन्नर-येवल्याकडे ५०० च्या जवळपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. ती भिंतही त्याच लाव्हाची. खडकाची उंची पाऊस वाटते.

मुलांना एक नकाशा करायला दिला आहे: पाऊस, मातीचा रंग आणि पीक. इगतपुरी-त्र्यंबककडे तांबूस माती, भात, नागली, वरई. पूर्वेकडे काळी, द्राक्ष, कांदा, बाजरी. खाली खडक एकच आहे. याचं कारण शोधून आणायला सांगितलं आहे. मी उत्तर सांगणार नाही.

१९ जुलै

आजचा प्रयोग सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तीन रुंद तोंडाच्या बरण्या. पहिलीत बागेतली ओलसर काळी माती. दुसरीत तीच माती, पण तव्यावर चांगली भाजून, गार करून, उकळून गार केलेलं पाणी शिंपडून. तिसरी रिकामी. तिन्हींत एकेका छोट्या वाटीत चुन्याची निवळी (कार्बन डायऑक्साइड मिळाला की ती पांढरी होते) ठेवली, झाकणं घट्ट लावली आणि रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी पहिल्या बरणीतल्या वाटीवर पांढरी साय धरली होती. काडी लावली की तिचे पापुद्रे सुटत. भाजलेल्या मातीच्या वाटीवर अगदी विरळ, धूसर थर. रिकाम्या बरणीतही तसंच.

म्हणजे माती श्वास घेते. मुळं, जिवाणू, बुरशी, गांडुळं हे सगळे मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतात, तव्यावर ते मेले की तो थांबतो. मोकळ्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. मुळांच्या आसपास मातीच्या पोकळ्यांत तो त्याच्या दहापट, कधी शंभरपट असू शकतो. त्यामुळे आभाळातून सौम्य आम्ल घेऊन आलेलं पाणी जिवंत मातीतून झिरपताना आणखी आम्लधर्मी होतं आणि मग खालच्या दगडाला भिडतं. त्या दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, लोह सुटं होतं. ते मुळांना मिळतं, मुळं वाढतात, आणखी श्वास सोडतात, दगड आणखी झिजतो.

ती पांढरी साय काय आहे, असं एकाने विचारलं. कॅल्शियम कार्बोनेट. वहीत लिहून ठेवायला सांगितलं, पुढे लागेल.

४ ऑगस्ट

धरणातून गोदावरीत विसर्ग चालू आहे. रामकुंडावर मुलांना न्यायचं नाही, हे पालकांना कळवलं होतं, पुलावरूनच पाहिलं. जुने नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवरून: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्खी मूर्ती बुडाली होती.

बादलीने पाणी वर ओढून बाटलीत भरलं. दुसऱ्या दिवशी तळाला बोटभर गाळ बसला. मुलांनी खड्ड्यातल्या मातीशी ताडून पाहिला, त्याचा रंग काळीपेक्षा तांबूस आहे. वरच्या अंगाची, घाटाकडची माती.

ही नदी ब्रह्मगिरीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर, पण लाव्हाच्या पठाराचा उतार पूर्वेला, म्हणून ती १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

३१ ऑगस्ट

अंजनेरी. सकाळभर धुकं होतं.

कातळावर राखाडी-हिरवट खपल्या दाखवल्या आणि विचारलं, ओळखता का? कुणालाच येईना. मग पिशवीतून घरच्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल काढलं. काळ्या मसाल्यात घालतो ते. बुरशी आणि शैवाल यांचं हे एकत्र राहणं: शैवाल उन्हावर अन्न करतं, बुरशी आसरा देते, ओल धरते आणि आम्लं सोडून दगड कुरतडते. एक खपली नखाने उचलली. खाली दगडाचा रंग फिका आणि पृष्ठभाग खरखरीत झालेला, बोटाला बारीक भुकटी लागली. माती इथून सुरू होते. या चिमूटभर भुकटीत पुढे शेवाळ, मग गवत, मग पावसाळी फुलं. सेरोपेजिया अंजनेरिकासारखी वनस्पती तर याच डोंगराची म्हणून ओळखली जाते. इतक्या पातळ मातीत इतकं नेमकं जगणं पाहिलं की मन भरून येतं. मुलांना कातळावरच्या गवतात पाय न ठेवता पायवाटेनेच चालवलं.

पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, तोही निळ्या-हिरव्या सूक्ष्म जिवांमुळे. आधी हवा तयार होती आणि मग जीव आले, असं मुलं समजत होती. उतरताना बराच वेळ तेच बोलत होती.

२१ सप्टेंबर

नकाशाचं उत्तर मुलांनी आणलं. दोन गटांनी जवळपास बरोबर.

घाटाकडे पाऊस इतका की दगडातून सुटलेलं कॅल्शियम धुऊन जातं. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, माती तांबूस होते. पूर्वेकडे पाऊस कमी, ऊन जास्त. तिथे सुटलेलं कॅल्शियम मातीतच राहतं. पाणी आटलं, मातीतला वायू निघून गेला की ते पांढरे खडे बनून बसतं. आजोबांच्या खड्ड्यातली चुनखडी ती हीच.

लगेच प्रयोग केला. खड्यावर शाळेतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं (मी स्वतः, चष्मा-हातमोजे घालून). फस्सकन बुडबुडे आले. सलाईनच्या नळीने तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला. निवळी दुधाळ झाली.

वर्ग एकदम शांत झाला आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हणजे बरणीतली साय आणि हा खडा एकच!"

एकच. खड्यातलं कॅल्शियम लाव्हाने आणलेलं. त्यातला कार्बन मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला, त्यांनी तो पानांमार्फत हवेतून घेतलेला. दोघांना एकत्र आणलं पावसाच्या पाण्याने. चारही आवरणं सुपारीएवढ्या खड्यात आहेत, आणि ती नळीतून बाहेर काढून मुलांना दाखवता आली. मला या विषयात यापेक्षा चांगला पुरावा माहीत नाही.

२६ सप्टेंबर

कालच्या तासाला एका मुलाने पुढचा प्रश्न विचारला: दगड जर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, तर मग तापमानवाढीची काळजी कशाला?

उत्तर सावकाश दिलं. दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तेव्हा त्याने प्रचंड प्रमाणात हा वायू हवेत सोडला. तोच दगड तेव्हापासून झिजतो आहे आणि झिजताना तो वायू परत घेतो आहे. बेसॉल्टने जगातल्या जमिनीचा सुमारे ५ टक्के भाग व्यापला आहे, पण सिलिकेट (बेसॉल्टसारख्या सिलिकायुक्त) खडकांच्या झिजेत हवेतून जो कार्बन डायऑक्साइड ओढला जातो, त्यातला सुमारे ३० टक्के एकट्या बेसॉल्टचा वाटा. हवा तापली, पाऊस वाढला की झीज वाढते आणि वायू जास्त ओढला जातो. गारठा वाढला की झीज मंदावते आणि ज्वालामुखींनी सोडलेला वायू साचत जातो. पृथ्वी कोट्यवधी वर्षं जिवांना सोसेल इतपतच तापली किंवा गोठली, त्यामागे या व्यवहाराचा मोठा हात आहे.

पण या व्यवहाराला लाखो वर्षं लागतात. माणूस आज दरवर्षी जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो जगातल्या सगळ्या ज्वालामुखींच्या शंभरपटीहून जास्त आहे. हवाईमधल्या मौना लोआवर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या पुढे. दगड घेईल, पण आपल्या नातवंडांच्या, पणतवंडांच्या काळात नाही. हे मुलांना कळायलाच हवं. दगडाच्या भरवशावर राहता येणार नाही.

१९ ऑक्टोबर

बागेत गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली. बांधाकडच्या दोन ओळींत कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची कमतरता. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर, खड्ड्यातल्या मातीतही भरपूर, पण चुनखडीमुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह मुळाला उचलता येत नाही. मुलांनी आजोबांना चुनखडीचा थर किती खोल आहे ते मोजून दिलं. ते म्हणाले, "मागल्या वर्षी फेरस (लोहाचं खत) दिलं, पण गुण आला नव्हता. आता आधी माती तपासून घेतो." नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे. खारवट पाणी आणि टंचाई सोसावी म्हणून वेल डॉगरिज या दुसऱ्या जातीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळावर, कलम करून बांधलेला आहे. माणसाने निवडलेलं मूळही या हिशोबात धरायला हवं.

१४ डिसेंबर

नांदूरमधमेश्वर. गोदावरी आणि कादवा इथे मिळतात. ब्रिटिश काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. २०२० मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत आलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक दिसले. चक्रवाक हिमालय ओलांडून येतात आणि उतरतात ते आपल्या डोंगरांच्या मातीवर. मनोऱ्यावर मुलं आपणहून कुजबुजत बोलत होती.

पाण्याचे नमुने आणले आणि शाळेत मिथाइल ऑरेंज (आम्लात लाल होणारा रंग) घालून, पाणी लाल होईपर्यंत सौम्य आम्लाचे किती थेंब लागतात ते मोजलं. साठवलेलं पावसाचं पाणी पहिल्या-दुसऱ्या थेंबाला लाल झालं. त्र्यंबककडच्या पाण्याला बरेच थेंब लागले, नांदूरच्या पाण्याला त्याहून जास्त, विहिरीच्या पाण्याला सगळ्यांत जास्त. पावसाने हवेतून घेतलेला कार्बन दगडातून जाताना बायकार्बोनेट होतो (ते आम्ल शोषतं, म्हणून थेंब जास्त लागतात) आणि नदीबरोबर निघतो. समुद्रात शंख-शिंपल्यांच्या कवचांत त्यातला सुमारे निम्मा अडकतो, उरलेला परत हवेत जातो. नांदूरच्या आकड्यात शहराचं सांडपाणीही आहे, म्हणून तो सगळा फरक दगडाच्या नावावर टाकायचा नाही, असं मुलांनी स्वतः अहवालात लिहिलं. विहिरीचा आकडा जास्त भरवशाचा.

११ जानेवारी

प्रदर्शनाची मांडणी ठरली. तक्ता नाही. एका लांब टेबलावर क्रमाने: लाव्हाचा दगड, दगडफुलाची खपली, चुरगळणारा मुरूम, काळीचं ढेकूळ, चुनखडीचा खडा, आम्ल आणि निवळीची नळी, गाळ बसलेली बाटली, पिवळं पान, हिरवं पान. शेजारी पावसाचा नकाशा. बघणाऱ्याने खडा स्वतः निवडायचा आणि नळीतून निवळी दुधाळ होताना पाहायची. नळीपाशी दोन मुलं आणि एक शिक्षक कायम उभे राहतील.

मातीचा अहवाल आला आहे, तो आजोबांकडे पोचवायचा. बरण्या इगतपुरी, त्र्यंबक आणि सिन्नरलाच राहू द्यायच्या. मामा आणि आत्या जूनपासून पुन्हा मोजायला तयार आहेत. पुढच्या नववीने विहिरीचं पाणी दर महिन्याला तपासावं, पाऊस सुरू होण्याआधीपासून, म्हणजे पहिला पाऊस पाझरला की थेंब किती बदलतात ते कळेल. मिथाइल ऑरेंज संपत आलं आहे, मार्चच्या मागणीत घालायचं.